शब्दांचे सोवळे आणि र. धों. कर्वे

जुन्या मराठी घरांत सोवळ्याचे वस्त्र वेगळ्या काठीवर वाळत घातले जाई. त्याला कोणी शिवायचे, कोणी शिवायचे नाही, हे घरातल्या पोराटोरांनाही न सांगता ठाऊक असे. भाषेचेही असेच एक सोवळे असते. कोणता शब्द दिवाणखान्यात मोठ्याने बोलायचा, कोणता माजघरात कुजबुजायचा आणि कोणता उच्चारला तर शब्दाबरोबर बोलणाराही ओवळा ठरायचा, याचे नियम कोठे लिहिलेले नसतात; पण ते मोडले की शिक्षा मात्र ठरलेली असते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी हे नियम जाणूनबुजून, उघड्यावर आणि आयुष्यभर मोडले. 'संततिनियमन' हा शब्द त्यांच्या डोळ्यांदेखत अश्लीलतेच्या यादीतून निघून सरकारच्या योजनेत जाऊन बसला. त्यांना स्वतःला मात्र त्या यादीतून कोणी काढले नाही.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. आई राधाबाई १८९१ मध्ये वारल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी, मार्च १८९३ मध्ये, अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या वडिलांना एका शब्दापायी वाळीत पडलेले पाहिले. तो शब्द होता पुनर्विवाह.

या घराण्यात शब्दांची किंमत किती मोजावी लागे, याचा एक छोटा पण बोलका पुरावा उपलब्ध आहे. अण्णांनी १८९३ मध्ये जी संस्था काढली तिचे नाव होते विधवाविवाहोत्तेजक मंडळी. दोनच वर्षांत ते नाव बदलून विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी असे करण्यात आले. काम तेच, माणसे तीच. पण 'उत्तेजन' देणे समाजाला सोसवेना आणि 'प्रतिबंधाचे निवारण' त्या मानाने सौम्य वाटले. अण्णा मवाळ स्वभावाचे होते. शब्दाला मुरड घालून काम पुढे जात असेल तर त्यांना त्यात कमीपणा वाटत नसे. पुढे त्यांनी पुनर्विवाहाचा प्रचारही मागे ठेवला आणि विधवांच्या शिक्षणाला वाहून घेतले. १८९६ चा अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ चे महिला विद्यापीठ ही त्या धोरणाची फळे होत. थोरल्या मुलाने वडिलांचे धैर्य पुरेपूर उचलले. शब्दाला मुरड घालण्याची कला मात्र त्याने घेतली नाही. घेतली असती तर त्याचे आयुष्य पुष्कळ सुखाचे झाले असते.

रघुनाथ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तो बी. ए. झाला. विषय वडिलांचाच, गणित. पुढे प्राध्यापकी करीत असताना १९१९ मध्ये उच्च गणिताच्या अभ्यासासाठी रघुनाथराव पॅरिसला गेले. त्यांच्या फ्रेंच वाचनाचे आणि फ्रेंच विचारांच्या ओढीचे मूळ तेथे आहे. पण त्या काळचे फ्रान्स आपण समजतो तितके मोकळे नव्हते. महायुद्धात लाखो तरुण गमावलेल्या त्या देशाने जुलै १९२० मध्ये कायदा करून गर्भनिरोधाच्या प्रचारावरच बंदी घातली. तेथे हा विचार आक्षेपार्ह ठरला तो लज्जेपायी नव्हे, तर सैन्याला माणसे कमी पडतील या धास्तीने. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी अँग्लिकन धर्मगुरूंच्या लॅम्बेथ परिषदेने गर्भनिरोधाचा निषेध केला आणि बरोबर दहा वर्षांनी, १९३० च्या परिषदेत, तेच साधन काही अटींवर मान्य करून टाकले. अमेरिकेत तर १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधाची माहिती अश्लील वाङ्मयाच्याच वर्गात घातलेली होती. 'बर्थ कंट्रोल' हा शब्द तेथे १९१४ मध्ये मार्गारेट सँगर यांच्या वर्तुळात जन्माला आला आणि जन्मतःच गुन्हेगार ठरला. एकच कल्पना एका देशात देशद्रोह, दुसऱ्यात पाप, तिसऱ्यात अश्लीलता. गणिताच्या प्राध्यापकाला यातली विसंगती दिसली नसती तरच नवल.

१९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील पहिले केंद्रही त्याच वर्षीचे. भारतात असे काम त्यापूर्वी कोणी केले नव्हते. १९२३ मध्ये 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे त्यांचे पुस्तक आले. या सगळ्यात पत्नी मालतीबाई त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या. मूल होऊ द्यायचे नाही, हा उभयतांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. आणि ज्या समाजात वांझ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, त्या समाजात अशा निर्णयाचा भार पुरुषापेक्षा स्त्रीवर अधिक पडतो. कर्व्यांविषयी लिहिताना मालतीबाईंचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो, हे बरोबर नाही.

कर्वे त्या वेळी मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. महाविद्यालय मिशनऱ्यांचे. आपल्या प्राध्यापकाने असल्या विषयावर जाहीरपणे बोलावे आणि लिहावे, हे चालकांना मानवले नाही. प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा प्रश्न उभा राहिला आणि कर्व्यांनी नोकरी सोडली. सनातनी हिंदू, ख्रिस्ती मिशनरी आणि इंग्रज सरकार ही तीन टोके एरवी एकमेकांशी क्वचितच सहमत होत. कर्व्यांच्या बाबतीत मात्र त्यांचे एकमत झाले.

नोकरी गेल्यावर जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. संपादन, लेखन, मुद्रितशोधन, हिशेब, अंक टपालात टाकणे, बहुतेक सारे स्वतःच. मासिक कायम तोट्यात, तरी ते त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवले. त्यात आहार, स्वच्छता, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, विवाहसंस्था, धर्मचिकित्सा असे अनेक विषय येत. 'शारदेची पत्रे' या सदरात एका स्त्रीच्या नावाने सामाजिक ढोंगावर टोले हाणले जात. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला होता. हितचिंतकांनाही तो रुचत नसे आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे म्हणता येणार नाही. ज्या स्त्रियांसाठी मासिक लिहिले जात होते, त्यांच्याच हाती ते घरात उघडपणे पडणे त्या चित्रांमुळे अवघड झाले. शरीर दिसण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, असे त्यांचे प्रमेय होते. एकदा ते सिद्ध झाले की वाचकाच्या सोयीसाठी त्यात तडजोड करणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते.

पण मासिकाचा खरा गाभा होता वाचकांचे प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरे. लग्न झालेले पण काहीच माहीत नसलेले तरुण, लहानपणीच्या सवयींनी आपला नाश झाला असे समजून खंगलेले विद्यार्थी, लागोपाठच्या बाळंतपणांनी जेरीस आलेली घरे. हे प्रश्न डॉक्टरला विचारण्याची सोय नव्हती, वडीलधाऱ्यांना तर नव्हतीच. कर्वे त्यांना औषधाच्या चिठ्ठीसारखी कोरडी, नेमकी उत्तरे देत. उपदेश नाही, चावटपणाही नाही. ज्या इंद्रियाचे नाव घ्यायचे ते घ्यायचे आणि पुढे जायचे. मराठीत हे करणे अवघड होते, कारण या विषयासाठी भाषेत एकीकडे शिव्या होत्या आणि दुसरीकडे कोणालाही न कळणारे संस्कृत. मधला, साधा, घरात बोलता येण्याजोगा शब्द जवळपास नव्हताच. जो मार्ग कोणी चालत नाही त्यावर गवत माजते, तसे या शब्दांचे झाले होते. कर्व्यांनी संस्कृत शब्दच घेतले, पण ते आडोशासाठी नव्हे. अर्थ स्पष्ट करून, पुन्हा पुन्हा वापरून ते त्यांनी रुळवले.

'अश्लील' या शब्दाचा स्वतःचा इतिहास येथे पाहण्यासारखा आहे. मूळ संस्कृत अश्रील, म्हणजे ज्याला श्री नाही, शोभा नाही, असे ते. काव्यशास्त्रात अश्लीलता हा एक काव्यदोष मानला गेला आणि त्याचे तीन प्रकार सांगितले गेले : लाज आणणारे, किळस आणणारे आणि अमंगल सुचविणारे. म्हणजे मृत्यू सुचविणारा शब्दही मंगल प्रसंगी अश्लीलच. हा सारा औचित्याचा प्रश्न होता. दोष कवितेचा, शिक्षा फार तर रसिकांच्या नापसंतीची. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ ने यातला काव्यदोष काढून त्या जागी फौजदारी गुन्हा आणून ठेवला. पुढे १८६८ मध्ये इंग्लंडमधील हिकलिन खटल्यात एक कसोटी ठरली आणि तिचा पगडा भारतीय न्यायालयांवरही बसला. ज्यांची मने अशा वाईट परिणामांना सहज बळी पडू शकतात, त्यांच्या हाती मजकूर पडला तर ते बिघडतील काय, एवढेच तीत पाहायचे. लेखकाचा हेतू काय, विषय शास्त्राचा की करमणुकीचा, याला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते मजकूर कोणाच्या हाती पडतो याला. हा भेद बारकाईने पाहिला म्हणजे कर्व्यांचा गुन्हा नेमका कोणता होता ते कळते. तोच मजकूर इंग्रजीत, जाड बांधणीत आणि महागड्या किमतीत असता तर तो विद्वत्ता ठरला असता. मराठीत, स्वस्त मासिकात आणि कोणाही पोस्टमनच्या हातून घराघरात जाणारा तोच मजकूर अश्लील झाला. शब्दापेक्षा वाचक आक्षेपार्ह होता.

पहिला खटला १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावर झाला. व्यभिचार हा शब्दही मोठा गमतीचा आहे. न्यायशास्त्रात त्याचा अर्थ केवळ नियम न पाळला जाणे, हेतू आणि साध्य यांची संगत तुटणे, असा निर्विकार आहे. लोकव्यवहारात मात्र तो उच्चारताच कपाळाला आठ्या पडतात. कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला आणि वरच्या न्यायालयात केलेले अपीलही फेटाळले गेले. योगायोग असा की आदल्याच वर्षी, १९३० मध्ये, म्हैसूर संस्थानाने सरकारी दवाखान्यांतून संततिनियमनाची केंद्रे सुरू केली होती. म्हैसूरमध्ये जे राज्यकर्त्यांचे धोरण होते, ते मुंबईत लिहिणाऱ्याला दंड भरावा लागत होता.

दुसरा खटला १९३४ चा. या वेळी आक्षेप वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरच होता. त्यांत हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या शंकांचा समावेश होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेले होते, दलितांच्या राजकारणाची सारी धुरा त्यांच्या खांद्यावर होती. अशा वेळी एका बदनाम मासिकाचे वकीलपत्र घेण्याने त्यांचा कोणताच लाभ होणार नव्हता. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लिखाण आपोआप अश्लील होत नाही. लोक प्रश्न विचारतात याचा अर्थ त्यांना माहितीची गरज आहे. आणि मासिकच त्या विषयाला वाहिलेले असेल तर त्याने उत्तर देऊ नये असे म्हणणे म्हणजे अज्ञान टिकवून ठेवणे होय. या वादात हॅवलॉक एलिस यांच्या ग्रंथांचा आधारही घेण्यात आला. गंमत अशी की एलिस यांचा समलिंगी आकर्षणावरील ग्रंथ १८९८ मध्ये खुद्द लंडनमध्ये अश्लील ठरलेला होता. छत्तीस वर्षांत तो अधिकृत शास्त्रग्रंथ झाला होता. न्यायालयाला हे पटले नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले.

आंबेडकर तेथेच थांबले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा, असा ठराव मांडला. रोहम यांनी वाचलेले त्यावरील भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. आपल्या आईवडिलांचे चौदावे अपत्य असलेल्या नेत्याने हा विषय विधिमंडळात आणावा, यामागे पुस्तकी ज्ञानापलीकडचे काही असणार. गरीब घरातल्या बाईच्या देहावर वारंवारच्या बाळंतपणांनी काय ओढवते, हे दोघांनाही समजत होते. एकाला गणिताने, दुसऱ्याला चाळीतल्या बालपणाने.

या काळात कर्व्यांच्या विचाराला सर्वांत मोठा विरोध पोलिसांचा किंवा पुण्याच्या सनातन्यांचा नव्हता. तो नैतिकदृष्ट्या देशातल्या सर्वांत उंच माणसाचा होता. गांधीजींना कुटुंबे लहान असावीत हे मान्य होते, पण साधने अमान्य होती. संयम हाच त्यांचा उपाय. मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन त्यांच्याशी बोलल्या, तरी त्यांचे मत बदलले नाही. कर्व्यांनी ब्रह्मचर्याच्या या कल्पनेवर सातत्याने टीका केली. त्यांच्या मते ती अनैसर्गिक होती आणि आरोग्याला अपायकारकही. ज्या वेळी गांधीजींवर टीका करणे म्हणजे स्वातंत्र्याला विरोध करणे असे मानले जाई, त्या वेळी हे लिहिल्याने जे थोडे सुशिक्षित पाठीराखे मिळण्याची शक्यता होती, तेही दुरावले. रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई, मामा वरेरकर, रियासतकार सरदेसाई अशी मोजकीच माणसे उघडपणे त्यांच्या बाजूने राहिली. शकुंतलाबाईंनी तर पुण्यात हेच काम वर्षानुवर्षे केले आणि पुढे हा विषय राज्यसभेपर्यंत नेला.

याच दशकांत दुसरा एक शब्द उलट दिशेने निघाला होता. 'सुप्रजनन', म्हणजे चांगल्या वंशाची निपज, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात प्रतिष्ठित शास्त्र होते. विद्यापीठांतून त्याचे अध्यापन होई, सभ्य व्यासपीठांवर त्याची व्याख्याने होत, आणि सँगर, स्टोप्स यांच्यासह जगभरच्या संततिनियमनवाद्यांवर त्याची छाया होती. जुलै १९३३ मध्ये जर्मनीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला, पुढे त्या विचाराचा शेवट कोठे झाला हे जगाने पाहिले, आणि महायुद्धानंतर तो शब्द उच्चारणे अवघड झाले. १९२५ च्या सुमारास जो माणूस सुप्रजननावर बोले तो विद्वान आणि संततिनियमनावर बोले तो चावट. तीस वर्षांत दोघांनी जागा बदलल्या.

जागा बदलताना शब्दाला रूप मात्र पालटावे लागले. अमेरिकेत बर्थ कंट्रोल फेडरेशनने १९४२ मध्ये 'नियोजित पालकत्व' असे नाव धारण केले. ते सँगरबाईंना आवडले नव्हते. भारतात १९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने संस्था निघाली तिच्या नावात 'कुटुंबनियोजन' आले. संततीचे नियमन म्हटले की शय्येची आठवण होते, कुटुंबाचे नियोजन म्हटले की अंदाजपत्रकाची. पंचवार्षिक योजनांचे दिवस होते. शब्द लगेच रुळला. पहिल्या योजनेत या कामासाठी ६५ लाख रुपये ठेवण्यात आले, १९५२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरून जागतिक संघटना स्थापन झाली. ज्या शहराने कर्व्यांना दोनदा दंड केला, त्याच शहरात.

हा कर्व्यांचा विजय होता, असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्यांचा मूळ आग्रह लोकसंख्येचा नव्हताच. समागमाचा आनंद आणि अपत्यप्राप्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आनंदावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे आणि मूल केव्हा, किती, मुळात हवे की नको, हे तिने ठरवायचे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने त्यातून देशाची लोकसंख्या उचलली आणि स्त्रीचा हक्क बाजूला ठेवला. शब्द सोवळा झाला तो त्यातला खटकणारा गाभा काढून घेतल्यावर. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी. त्यांच्या आग्रहाने आरंभी भर राहिला तो सुरक्षित दिवस मोजण्याच्या पद्धतीवर. त्यासाठी खेड्यांतील स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा वाटण्यात आल्या. प्रयोग फसला. तीस वर्षे रबरी साधनांची शास्त्रशुद्ध माहिती देणाऱ्या माणसाच्या आयुष्याच्या अखेरच्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. अण्णा तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. पाच वर्षांनी, शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. पुनर्विवाह या शब्दाला समाजाने पचवल्याची ती पावती होती. अण्णांना ती हातात घेता आली, याला त्यांचे दीर्घायुष्य कारणीभूत झाले. ते १९६२ पर्यंत, एकशे चार वर्षे जगले. बापलेकांचे नाते अखेरपर्यंत आदराचे राहिले असले तरी लोकवर्गणीवर चालणाऱ्या स्त्रीशिक्षणसंस्थेला अशा मुलाची जाहीर पाठराखण परवडणारी नव्हती, हेही समजून घ्यावे लागते.

कर्व्यांच्या मागे त्यांच्या शब्दाने आणखी बरीच वळणे घेतली. साठच्या दशकात लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर उमटला. १९६८ मध्ये सरकारने तीन नग पंधरा पैशांना विकायला काढले, तेव्हा त्याला 'कामराज' हे नाव सुचविण्यात आले होते असे सांगतात. पण त्या नावाचे ज्येष्ठ काँग्रेस नेते हयात आणि सत्तेच्या केंद्राशी असल्याने 'निरोध' ठरले. आणीबाणीत मात्र सारे उलटले. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक सक्तीने. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. स्त्रीपुरुषांच्या निवडीचा विचार म्हणून ज्याची सुरुवात झाली, त्याच्या नावाने लोक आता गाव सोडून पळत होते. १९७७ मध्ये सत्ता पालटली आणि नव्या सरकारने 'कुटुंबनियोजन' हा शब्दच उतरवून ठेवला. त्याऐवजी आले 'कुटुंबकल्याण'. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने 'संततिनियमना'ला सभ्य केले होते, तो शब्द स्वतःच ओवळा झाला होता.

कर्वे यांच्यावरील खटल्यांनी जो प्रश्न उभा केला, त्याची कायद्याने दखल घेतली ती १९६९ मध्ये. कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला यांच्या हितासाठी असलेले लिखाण अपवाद म्हणून मान्य झाले. १९३४ च्या न्यायालयात आंबेडकरांना हवे होते ते जवळपास हेच. हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये टाकून दिली. जुलै २०२४ पासून दंडविधानच बदलले आणि नव्या न्याय संहितेत ते कलम २९४ या क्रमांकाने आले. मधल्या काळात य. दि. फडके यांनी कर्व्यांचे चरित्र लिहिले आणि २००१ मध्ये अमोल पालेकरांच्या 'ध्यासपर्व' या चित्रपटाने हा माणूस नव्या पिढीला दाखवला.

त्यानंतर सहा वर्षांनी, २००७ मध्ये, शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांत वादात सापडला आणि थांबवला गेला. आक्षेप मुख्यतः चित्रांवर आणि शब्दांवर होता. पुढे असा मजकूर जेव्हा पुन्हा वर्गात आला, तेव्हा अनेक ठिकाणी त्याच्या मथळ्यातून 'लैंगिक' हा शब्द गळला आणि त्या जागी 'जीवनकौशल्ये' आली.